चिकटवलेली गाडी: लोटस एलिस सहा वर्षं वापरून

आई मागच्या जूनमध्ये इंग्लंडमध्ये नॉर्विचला आली तेव्हा तिला स्टेशनवरून आणायला मी मुद्दाम माझी एलिस, म्हणजे दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार, नेली. बॅग मावणार नाही हे माहीत होतं, म्हणून नवरा दुसरी गाडी घेऊन मागून आला. पण आई कशी बसेल याचा विचार मी केलाच नव्हता. दार उघडलं, तर पाय टाकायच्या जागी उघडा ॲल्युमिनियमचा रुंद कट्टा, आणि सीट त्याच्या पलीकडे, जवळजवळ जमिनीला टेकलेली. आईने एकदा कट्ट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अगं, गाडीला एवढा उंबरा कशाला?"

मग तिने जे केलं ते शिकायला मला आठवडा लागला होता. पाठमोरी होऊन उंबऱ्यावर बसली, निऱ्या सावरल्या, एकेक पाय आत घेतला आणि खाली घसरली. उतरताना मात्र दोन्ही हात धरून ओढून काढावं लागलं.

उंबरा कशाला, याचं उत्तर म्हणजेच ही गाडी. म्हणून परीक्षणाची सुरुवात इंजिनाऐवजी तिथून करते.

मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण लावून पिळायला जा, पिळत नाही. झाकण काढा, दोन बोटांनी वेडावाकडा होतो. उघडी स्पोर्ट्स कार म्हणजे झाकण नसलेला खोका. छपराकडून मिळणारी ताठरता गेली की ती दुसरीकडून कुठून तरी आणावी लागते, नाहीतर वळणावर पुढची चाकं एक सांगतात आणि मागची दुसरंच काही करतात. बऱ्याच गाड्यांत जुन्या डिझाइनचं छप्पर कापून उघडी आवृत्ती काढतात आणि मग खाली लोखंडाच्या पट्ट्या ठोकत बसतात. एलिस पहिल्या दिवसापासून बिनछपराचीच होती. तिला दोन्ही बाजूंनी दोन मोठ्या पोकळ पेट्या दिल्या, आडव्या पेट्यांनी त्या जोडल्या, आणि माणसं मधल्या खड्ड्यात बसवली. आई ओलांडत होती ती त्यातली डावीकडची पेटी. पेटी जितकी उंच आणि रुंद तितकी ताठ. उंबरा कमी केला असता तर धातू जाड करावा लागला असता, म्हणजे वजन वाढलं असतं.

या अख्ख्या सांगाड्याचं वजन ६८ किलो. आईचं वजन त्याहून थोडं कमी भरतं, हे मी तिला सांगितलं नाही.

माझी गाडी १९९८ ची, पहिल्या पिढीतली. रोव्हरचं १.८ लिटरचं के-सिरीज इंजिन, ११८ अश्वशक्ती. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही, काचा हाताने फिरवायच्या. २०१९ मध्ये १३,५०० पौंडांना घेतली, तेव्हाच्या भावाने साधारण १२ लाख रुपये. सहा वर्षांत १८,००० मैल झाले. के-सिरीजच्या वारंवार फुटणाऱ्या हेड गॅस्केटबद्दल (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) लोकांनी इतकं लिहून ठेवलंय की मी त्यात भर घालत नाही. माझी अजून शाबूत आहे, लाकडाला हात लावून. इंजिनाचं प्रकरण इथेच संपवते, कारण मला ही गाडी इंजिनासाठी हवीच नव्हती.

बाबांची भोसरीत फॅब्रिकेशनची शेड होती. ग्रिल, गेट, जिने, आणि नंतर इमारतींच्या स्लायडिंग खिडक्या. शाळेच्या सुट्ट्या मी तिथे ॲल्युमिनियमचे सेक्शन मोजण्यात घालवल्या. त्यामुळे पहिल्यांदा एलिसचा नुसता सांगाडा पाहिला तेव्हा मनात आलं, अरे, या तर आपल्या खिडक्याच आहेत! प्रकार खरंच तोच. सोऱ्याची चकती बदलली की चकलीची शेव होते. तसंच तापवलेलं ॲल्युमिनियम डायमधून दाबलं की पाहिजे त्या आकाराचा लांबच लांब पोकळ सेक्शन बाहेर पडतो. गरज असेल तिथे आत पडदी, गरज नसेल तिथे भिंत बारीक, अगदी १.५ मिलिमीटरपर्यंत. डाय तुलनेने स्वस्त असते. पत्रा ठोकून आकार देणाऱ्या प्रेसची डाय छोट्या कंपनीला परवडत नाही, सेक्शनची परवडते. वर्षाला काही हजार गाड्या काढणाऱ्या कारखान्याला हा मोठा फरक आहे.

खरी गंमत जोडात आहे. बाबांच्या शेडमध्ये ॲल्युमिनियम वेल्ड करायला कुणी धजायचं नाही. एक तर ते चटकन वितळून भोक पडतं. दुसरं असं की या प्रकारच्या ॲल्युमिनियमला ताकद येते ती उष्णतेच्या प्रक्रियेतून, आणि वेल्डिंगची आच ती प्रक्रिया उलटी फिरवते. सांध्याच्या आजूबाजूचा धातू मऊ पडतो, तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद जाते. म्हणजे वेल्ड करायचं ठरवलं, तर ताणाला पुरतो त्यापेक्षा जाड सेक्शन केवळ वेल्डिंगची भरपाई म्हणून घ्यायचा. हलका धातू निवडायचा आणि जोडापायी पुन्हा जड करायचा, असा तो व्यवहार.

लोटसमधले चॅसिसचे, म्हणजे सांगाड्याचे, डिझायनर रिचर्ड रॅकहॅम यांच्या चमूने वेल्डिंगच काढून टाकलं. सेक्शन डेन्मार्कमधल्या टोंडर गावात, हायड्रो ॲल्युमिनियमच्या कारखान्यात बनायचे. ते ॲनोडाइज करायचे, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा पक्का थर चढवायचा; त्याने चिकटायला चांगला पृष्ठभाग मिळतो. सांध्यांवर इपॉक्सीची रेघ ओढायची, जोडायचं आणि भट्टीत घालून पक्कं करायचं. इपॉक्सी सीबा कंपनीची. म्हणजे ज्या घराण्याचं अराल्डाइट आपण तुटलेल्या कपाच्या कानाला लावायचो, त्याच घराण्याची. चिकटवलेला सांधा सरळ ओढीला आणि घसरणीला दणकट असतो. टोकाकडून सोलायला लागलात की तो हरतो, चिकटपट्टीसारखा. म्हणून सोलण्याचा धोका असेल तिथे एकेक स्क्रू मारलेला आहे.

माझ्या गाडीत हे सगळं उघडं दिसतं, कारण गालिचा नाही. ड्रायव्हरच्या डाव्या पावलाशी दोन सेक्शन मिळतात तिथे करंगळीच्या नखाएवढा इपॉक्सीचा ओघळ बाहेर आलेला आहे. कुणीतरी बोटाने पुसायचा प्रयत्न केला असावा, कारण एका बाजूला तो सपाट झालाय. गेली सहा वर्षं लाल सिग्नलला थांबले की माझी नजर तिथे जाते. पेडलही सेक्शनचेच कापलेले आहेत. बाबांना फोटो पाठवला होता. त्यांचा प्रश्न एकच: "स्क्रॅप किती निघत असेल?"

आता थोडी शाळा. "ॲल्युमिनियम हलकं म्हणून गाडी हलकी" हे वाक्य मी कामावर महिन्यातून दोनदा ऐकते आणि दर वेळी दात खाते. पोलादाचा ताठरपणा २१० (गिगापास्कल) आणि घनता ७.८५ (ग्रॅम दर घनसेंटिमीटर). ॲल्युमिनियमचे आकडे ७० आणि २.७. टायटॅनियम, मॅग्नेशियम घ्या, ताठरपणाला घनतेने भागा. उत्तर सगळीकडे २५ ते २७ च्या आसपास येतं. दर किलोमागे ताठरपणा विकत घ्यायचा तर हे चारही धातू एकाच भावाचे! फायदा निघतो तो आकारातून. तेवढ्याच वजनाचा ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादाच्या जवळजवळ तिप्पट जाड बसतो, आणि वाकण्याला विरोध जाडीच्या घनाने वाढतो. धातूचा मूळ ताठरपणा एक-तृतीयांश आहे हे धरून हिशोब केला तर सपाट पत्र्याला आठपट फायदा. पण पातळ पोलादी नळीला मोठा व्यास देता आला तर हाच फायदा पोलादातही बराचसा मिळतो. प्रश्न एवढाच की पोलाद फार पातळ केलं की चेपतं आणि गंजून संपतं.

कार्बन फायबरचं गणित वेगळं. धाग्याच्या दिशेने ते दर किलोमागे धातूंच्या तिप्पट ताठ. धाग्याला आडवं ओढलंत तर धातूच्या जवळपासही नाही. त्यामुळे थर निरनिराळ्या दिशांना रचावे लागतात आणि तिप्पटीचा बराच भाग तिथे खर्ची पडतो.

माझ्या एका सहकाऱ्याकडे अल्फा रोमिओची ४सी आहे. २०१३ साली आलेली, कार्बन फायबरचा टब, म्हणजे माणसं बसतात तो मधला सांगाडा, असलेली, दोन सीटची गाडी. एका रविवारी आम्ही किल्ल्यांची अदलाबदल केली. तिचा टब ६५ किलोचा. पुढे-मागे ॲल्युमिनियमच्या सबफ्रेम, म्हणजे मुख्य सांगाड्याला जोडलेल्या छोट्या चौकटी. आता आकडे शेजारी ठेवा: माझा चिकटवलेला ॲल्युमिनियम ६८, त्याचा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, भाजलेला कार्बन ६५. हिशोब अगदी एकास एक नाही, कारण सांगाडा कुठे संपतो हे प्रत्येक कारखाना आपल्या सोयीने ठरवतो. तरीही. आणि अख्खी गाडी? ४सी तेल-पाणी न भरता ८९५ किलो. माझी एलिस ट्रॅकवर चार चाकांखाली चार काटे ठेवून आम्ही तोलली. अर्धी टाकी पेट्रोलसकट ७५२. पुढे २९३, मागे ४५९.

मग कार्बनने वाचवलेलं वजन गेलं कुठे? टर्बो, इंटरकूलर, दोन क्लचचा गिअरबॉक्स, एअरबॅग, रुंद टायर, आणि नव्या जमान्याचे अपघाताचे नियम. त्यात वाईट काही नाही. ४सी चालवताना ती दगडातून कोरल्यासारखी वाटते, खड्ड्यावर कुठेही कुरकूर नाही, २४० अश्वशक्ती पाठीमागून ढकलते. पण रस्ता बोटांना जास्त कळतो तो माझ्या गाडीत. तिचे पुढचे टायर १८५ मिलिमीटर रुंदीचे आहेत, म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकएवढे. सांगाडा हलका, म्हणून इंजिन छोटं चाललं; इंजिन छोटं, म्हणून ब्रेक छोटे; ब्रेक छोटे, म्हणून चाकं छोटी. घरात एकाने काटकसर सुरू केली की सगळ्यांचा खर्च उतरतो, तसं.

दुसरं टोक सांगते. नवऱ्याची माझदा एमएक्स-५ आहे, २०१५ ला आलेल्या पिढीतली. साधी पोलादी मोनोकॉक, म्हणजे अंग आणि सांगाडा एकच, पण जिथे ताण आहे तिथे उच्च ताकदीचं पोलाद, आणि बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे मडगार्ड ॲल्युमिनियमचे. भरते हजार किलोच्या आसपास. तिच्यात आई साडीत सहज बसते, डिकीत दोन छोट्या बॅगा जातात, आणि छत एका हाताने मागे टाकता येतं. माझं छत म्हणजे कापड, दांड्या आणि शिव्या.

आणि गेल्या वर्षी स्नेटरटनच्या ट्रॅकवर एकाने मला केटरहॅम सेव्हनमध्ये शेजारी बसवून दोन फेऱ्या मारल्या. हिचा जन्मच मुळात १९५७ च्या लोटस सेव्हनचा. सांगाडा पोलादी नळ्यांचा, वेल्ड केलेला, बाबांच्या शेडमध्ये शोभला असता असा. सगळ्यात छोट्या १७० मॉडेलचं वजन ४४० किलो, आणि इंजिन सुझुकीचं ६६० सीसीचं, तीन सिलिंडरचं, टर्बो. चौघींतली सगळ्यात हलकी गाडी जुन्या, स्वस्त, गंजणाऱ्या पोलादाची! अर्थात तिला दारं नाहीत, आणि दारासारखं काही लावलंच तर ते कापडाचं.

लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन हेही कुठल्या एका पदार्थाचे भक्त नव्हते. १९५७ च्या एलिटचा सांगाडा आणि कवच मिळून फायबरग्लासचं एकच; १९६२ च्या एलानला पोलादी पत्र्याचा मधला कणा; त्याच १९६२ साली फॉर्म्युला वनच्या लोटस २५ ला ॲल्युमिनियमचं मोनोकॉक. एलिस आली तेव्हा चॅपमन जाऊन तेरा-एक वर्षं झाली होती आणि कंपनी इटलीच्या रोमानो आर्तिओली यांच्याकडे होती. गाडीचं नाव त्यांच्या नातीवरून, एलिसा. पुढे टेस्लाची पहिली रोडस्टर २००८ मध्ये आली तीही याच सांगाड्याच्या वंशातली. तिच्यात साडेचारशे किलोची बॅटरी घातली, म्हणजे एक अख्खी केटरहॅम सेव्हन पाठीवर.

इतकं कौतुक केल्यावर बिलाकडे येते. केटरहॅमची नळी वाकली तर तेवढी कापून दुसरी वेल्ड करता येते. भोसरीत ते काम एका दुपारचं. एमएक्स-५ ला धक्का लागला तर गावातला कुठलाही पत्र्याचा गॅरेजवाला हात घालेल. एलिसचा मुख्य सेक्शन चेपला तर तो तापवून सरळ करता येत नाही, वेल्ड करता येत नाही, आणि भट्टीत पक्का झालेला सांधा सोडवून पुन्हा चिकटवणं गॅरेजचं काम नाही. सांगाडाच बदलायचा, आणि त्या खर्चात गाडी मोडीत निघते. विमा कंपन्यांना हे पक्कं माहीत असतं. साहित्य निवडताना किलोचा आणि पैशाचा तक्ता सगळे मांडतात. दुरुस्ती कोण करणार, हा रकाना मी फार थोड्या तक्त्यांत पाहिलाय.

जुनी घेणार असाल तर दोन-तीन गोष्टी बघाच. मागची सबफ्रेम पोलादाची आहे, तिचा गंज. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून, मधे मिठाचं पाणी, म्हणजे बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसली की खरवडून बघा. पुढचं आणि मागचं फायबरग्लासचं अंग काढता येतं, त्यामुळे वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीला भुलू नका. टॉर्च घेऊन खाली झोपा. कपडे खराब होतील, होऊ द्या.

खाली झोपण्याची सवय मला कशी लागली ते सांगून थांबते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये टायर बदलायला मी गाडी एका दुकानात दिली. नाव लिहीत नाही. जॅक कुठे लावायचा हे मी तोंडी सांगितलं होतं. पोराने मान डोलावली, आणि मी कॉफी आणायला गेले. परत आले तर गाडी हवेत, आणि जॅकचं डोकं सीटखालच्या चिकटवलेल्या पत्र्यावर, सेक्शनपासून चार बोटं आत. बशीएवढा खड्डा. दुकानदार म्हणाला, पत्राच तर आहे. पत्राच आहे, हे बरोबर. पण तो पत्रा सांगाड्याच्या पिळाला विरोध करणाऱ्या भागांतला एक, आणि त्याची कडा सेक्शनला ज्या रेघेने चिकटलीय ती सोलली गेली असेल तर?

एलिसच दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने दोन तास खाली पडून, आरसा आणि टॉर्च घेऊन ती रेघ टोकापासून टोकापर्यंत तपासली. नखाने टकटक करत ऐकत होता, मडकं घेताना ऐकतात तसं. १८० पौंड घेतले. रेघ शाबूत होती. खड्डा त्याने तसाच ठेवायला सांगितला. ठोकून सरळ करायला गेलात तर जॅकने सोडलेलं काम हातोडी पूर्ण करेल, म्हणाला. पहिल्या दुकानाने टायरचे पैसे पूर्ण घेतले.

सांगाड्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी. सोयीला काठावर पास, तेही वर्गात हजर राहिल्याबद्दल. विकणार का, असं नवरा दर हिवाळ्यात विचारतो आणि मी दर हिवाळ्यात सबफ्रेमला मेण मारायला गॅरेजमध्ये जाते. जॅकच्या चार जागांवर आता चार पिवळे गोल रंगवलेत. गाडी कुणाकडेही देताना आधी त्याला वाकायला लावून चारही गोल दाखवते, मोजून घेते, आणि मग किल्ली देते. कॉफी घरून पिऊन जाते.